ड्रोमाना गेट : आयर्लंडमधल्या ‘हिंदू-गॉथिक’ देवडीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या दक्षिणेला, वॉटरफर्ड परगण्यात, एका छोट्या नदीवरच्या पुलाच्या टोकाशी कांद्याच्या आकाराचा हिरवा घुमट आणि बारीक मिनार असलेलं एक दार उभं आहे. त्याचा फोटो पाहिला की मराठी माणूस हमखास विचारतो, “हे तिथं कसं काय?” त्या प्रश्नाच्या मागोमाग येणारे बाकीचे प्रश्नही इथं एकत्र घेतले आहेत.

हे दार नेमकं कुठं आहे?

कॅपोक्विन नावाच्या गावाच्या दक्षिणेला, व्हिलियर्सटाउनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खालून वाहते ती फिनिस्क नदी, जी पुढं ब्लॅकवॉटर या मोठ्या नदीला मिळते. ड्रोमाना ही ब्लॅकवॉटरच्या काठावरची जुनी जहागीर. मध्ययुगापासून ती फिट्झजेराल्ड घराण्याची होती, नंतर विवाहसंबंधातून व्हिलियर्स आणि मग व्हिलियर्स-स्टुअर्ट या नावांकडे आली. व्हिलियर्सटाउन हे गावही याच जहागीरदारांनी १७४० च्या दशकात वसवलं, लिननचं (जवसाच्या धाग्याचं) कापड विणणाऱ्या कारागिरांसाठी. तर हे दार म्हणजे त्या जहागिरीच्या हद्दीवरचं प्रवेशद्वार.

‘गेट लॉज’ म्हणजे दार की घर?

दोन्ही. इंग्लंड-आयर्लंडमधल्या बड्या जमीनदारांचं मुख्य घर रस्त्यापासून आत, बागा आणि झाडीच्या पलीकडं असायचं. कधी एखादा मैल, कधी त्याहून जास्त. मग फाटकाशी कोणीतरी राहायला हवं. त्या माणसासाठी फाटकाला लागून बांधलेलं छोटं घर म्हणजे गेट लॉज. आपल्या वाड्याच्या देवडीशी त्याचं काम बरंच जुळतं: आल्यागेल्याची चौकशी करायची, ओळखीच्याला आत सोडायचं, रात्री दार लावून घ्यायचं. फरक इतकाच की देवडी वाड्याच्या पोटात असते आणि देवडीवरचा शिपाई पहारा संपला की घरी जातो. लॉजमध्ये मात्र दारवानाचा अख्खा संसार असायचा.

मोठ्या जहागिरीला अशी तीन-चार दारं असत. समोरच्या दाराचा थाट वेगळा, मागच्या, माल ने-आण करायच्या दाराचा वेगळा. पाहुण्याला घर दिसण्याआधी दार दिसतं, त्यामुळे समोरच्या लॉजवर मालक हात सैल सोडून खर्च करत. शिवाय इमारत लहान. मुख्य घरावर जे करून पाहायची हिंमत झाली नसती, ते इथं करून पाहता येत असे. ग्रीक देवळासारखे लॉज आहेत, किल्ल्यासारखे आहेत, गवताने शाकारलेल्या खेडवळ झोपडीसारखेही आहेत. माझ्या मते त्या काळातल्या वास्तुकारांची खरी कल्पनाशक्ती पाहायची तर या छोट्या इमारतींकडे जावं. मोठ्या घरांत सगळे जपून वागतात.

ड्रोमानाचं दार कुणी बांधलं आणि कधी?

हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट यांनी. पुढं १८३९ मध्ये त्यांना लॉर्ड स्टुअर्ट डी डेसीझ हा किताब मिळाला.

तारखेबाबत मात्र दोन आकडे वाचायला मिळतात. काही ठिकाणी दार १८३० च्या आसपासचं म्हणून नोंदलेलं असतं, तर मार्टिन डे या वास्तुकाराचा या दारासाठीचा आराखडा १८४९ सालचा आहे. डे यांनी या घराण्यासाठी काम केलं होतं, म्हणून आज आपण पाहतो त्या रूपाचं श्रेय साधारणपणे त्यांना दिलं जातं. १८४९ म्हणजे आयर्लंडमधल्या बटाट्याच्या महादुष्काळाचा काळ. लाखो माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली, लाखो देश सोडून गेली. दाराचा देखणेपणा पाहताना हे साल डोळ्याआड करू नये असं मला वाटतं.

पहिलं दार कागदाचं होतं म्हणतात, ते खरं का?

स्थानिक परंपरा तसं सांगते आणि या दाराविषयी सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. १८२६ साली व्हिलियर्स-स्टुअर्ट यांनी टेरेसिया पॉलिन ऑट या ऑस्ट्रियन स्त्रीशी लग्न केलं. नवराबायको मधुचंद्राहून परतणार म्हणून कुळांनी त्यांच्या स्वागताला लाकूड, कापड आणि कागदाचा लगदा यांचं एक तात्पुरतं दार उभारलं, तेही पौर्वात्य थाटाचं. जोडप्याला ते इतकं आवडलं की पुढं तसंच दार पक्क्या बांधकामात करून घेतलं.

कुळांनी जहागीरदाराचं एवढं कौतुक का करावं? त्याचं उत्तर त्याच सालच्या निवडणुकीत आहे. १८२६ मध्ये वॉटरफर्डच्या जागेसाठी बेरेसफर्ड या बलाढ्य घराण्याविरुद्ध व्हिलियर्स-स्टुअर्ट उभे राहिले. ते स्वतः प्रॉटेस्टंट, पण कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत या बाजूचे. आयर्लंडमधले कॅथलिकांचे नेते डॅनियल ओ’कॉनेल यांच्या चळवळीचा त्यांना पाठिंबा होता. त्या काळी मतदान उघड व्हायचं आणि कुळानं मालकाच्या मर्जीनं मत द्यायचं हा शिरस्ता होता. तरीही कॅथलिक कुळांनी आपापल्या मालकांचा रोष पत्करून व्हिलियर्स-स्टुअर्ट यांना निवडून दिलं. तीन वर्षांनी, १८२९ मध्ये, कॅथलिकांना संसदेत बसायचा हक्क देणारा कायदा झाला. त्या वाटेवरचा वॉटरफर्डचा निकाल हा मोठा टप्पा मानतात. हे लक्षात घेतलं की कागदाच्या दाराची गोष्ट नुसती गोड राहत नाही, तिच्यातला उत्साह कळतो.

या लग्नाची पुढची हकीकत दुःखाची आहे. ते कायदेशीर होतं की नाही यावर नंतर वाद झाला. १८७४ मध्ये लॉर्ड स्टुअर्ट वारले, तेव्हा त्यांच्या मुलाला वडिलांचा किताब मिळू शकला नाही. किताब एका पिढीत संपला.

पण भारतीय शैली आयर्लंडमध्ये पोचली कशी?

चित्रांतून. इथं थोडं सविस्तर सांगायला हवं.

थॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम हे दोघे इंग्रज चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. पुढची सात वर्षं ते भारतभर हिंडले. गंगेच्या काठाने वर गेले, १७८९ मध्ये ताजमहाल पाहिला, दक्षिणेतली देवळं पाहिली आणि १७९३ मध्ये मुंबईमार्गे परतीला लागले. मायदेशी गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी १४४ मोठी रंगीत छापचित्रं प्रसिद्ध केली. त्याआधी विल्यम हॉजेस या चित्रकारानेही भारतातली दृश्यं छापली होती, पण इतक्या बारकाईने काढलेल्या भारतीय इमारती इंग्लंडने पहिल्यांदा पाहिल्या त्या डॅनियलांच्या चित्रांत. घुमटाचा बाक, छज्जाची छाया, महिरपीच्या पाकळ्या, सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट.

मग ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत श्रीमंत झालेले चार्ल्स कॉकरेल यांनी ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट नावाचं घर बांधायला घेतलं. साल साधारण १८०५. वास्तुकार त्यांचेच भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल, आणि सल्लागार म्हणून खुद्द थॉमस डॅनियल. त्या घरावर तांब्याचा कांद्यासारखा घुमट आहे, खोल छज्जे आहेत, बागेत सूर्याचं देऊळ आहे. १८०७ मध्ये युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, तिथं येऊन गेला. ब्रायटनला त्याच्या महालाजवळ विल्यम पॉर्डनने बांधलेला भारतीय थाटाचा प्रचंड तबेला तोवर होत आलाच होता. पुढं १८१५ पासून जॉन नॅशने त्या महालाचं रूपच बदलून टाकलं. जुन्या घराभोवती ओतीव लोखंडाचा सांगाडा चढवला, त्यावर घुमट आणि मिनार उभे केले. हाच ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन. १८२० च्या दशकात त्याची चर्चा घराघरांत होती.

ड्रोमानाचं दार हे या ओळीतलं पुढचं पाऊल. आग्रा आणि दिल्लीच्या इमारती चित्रांत आल्या, चित्रांतून सेझिनकोटला आणि ब्रायटनला, आणि तिथून फिनिस्क नदीच्या पुलावर. एवढ्या हातांतून गेल्यामुळं प्रमाणं बदलली, तपशील गळाले, भलतेच तपशील येऊन चिकटले. तरीही मूळचं ओळखू येतं.

या सगळ्यात महाराष्ट्राचा काही संबंध आहे का?

दाराशी थेट नाही. पण त्या दारामागच्या माणसांशी आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो.

डॅनियल १७९३ मध्ये मुंबईला आले तेव्हा तिथं त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. हे तेच वेल्स ज्यांनी पुण्यात सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रं रंगवली. पुण्याच्या दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यामुळं त्यांना पेशव्यांकडे प्रवेश मिळाला होता. पुण्याचे गंगाराम तांबट हे चित्रकार याच मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटत होते. वेल्स १७९५ मध्ये वारले. मागं राहिलेल्या त्यांच्या वेरूळच्या रेखाचित्रांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये छापचित्रं काढली. १७९० साली पुण्यात पेशवे, निजाम आणि इंग्रज यांच्यात टिपूविरुद्ध जो तह झाला त्या दरबाराचं भव्य तैलचित्रही डॅनियल यांनीच वेल्सच्या टिपणांवरून १८०५ मध्ये रंगवलं. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. म्हणजे सेझिनकोटच्या घुमटाचा विचार करणारा माणूस त्याच सुमारास पुण्याच्या दरबारातल्या पगड्या रंगवत होता.

सेझिनकोटच्या बागेत डॅनियल यांनी एक छोटा पूलही केला. त्याचे खांब घारापुरीच्या लेण्यांतल्या खांबांवरून घेतले आहेत आणि कठड्यावर नंदी बसवले आहेत. घारापुरी पाहिलेल्या माणसाला ते जाडजूड खांब पाहताक्षणी ओळखू येतात.

या दारात भारतीय काय आणि गॉथिक काय?

घुमट, मिनार आणि एकूण आकृती भारताकडून आलेली, त्यातही मुघल इमारतींकडून. हिंदू देवळाचं शिखर, गोपूर किंवा सभामंडपाचे खांब यातलं इथं काहीच नाही. त्या काळचे इंग्रज लेखक भारतातल्या सगळ्याच जुन्या वास्तूंना सरसकट ‘हिंदू’ हे एक नाव देऊन मोकळे होत, आणि तेच नाव शैलीला चिकटून राहिलं. टोकदार खिडक्या आणि त्यांची एकूण घडण मात्र गॉथिक, म्हणजे युरोपच्या मध्ययुगीन चर्चकडून आलेली.

हे दोन प्रवाह एकमेकांत इतके सहज मिसळले याला कारण आहे. दोघांकडेही टोकदार कमान आहे. दोघांकडे अशीही कमान आहे जिची रेषा आधी बाहेर फुगते आणि वर जाताना आत वळून टोक घेते. गॉथिक खिडकीत तीन किंवा पाच पाकळ्यांची नक्षी असते, आपल्याकडच्या महिरपीत त्याहून जास्त पाकळ्या असतात. ख्रिस्तोफर रेन या थोर वास्तुकाराचं तर म्हणणं होतं की गॉथिक शैली मुळात अरबांकडूनच युरोपात आली. हॉजेस यांनीही हिंदू, मूरिश (मुसलमानी) आणि गॉथिक वास्तुकलेच्या उगमाची तुलना करणारा निबंध लिहिला होता. आज कुणी ते तसंच्या तसं मान्य करणार नाही, पण १८२०-३० च्या माणसाला घुमटाखाली गॉथिक खिडकी बसवताना आपण काही विजोड करतोय असं वाटत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं ते लांबचे नातेवाईकच होते.

इमारतीची रचना कशी आहे?

मधोमध मोठी कमान. तिच्या माथ्यावर तांब्याच्या पत्र्याने मढवलेला घुमट, दोन्ही बाजूंना सडपातळ मिनार. कमानीच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक बुटकं घर, दोन्ही एकसारखी. नदीच्या बाजूने पाहिलं की पूल, कमान आणि दोन घरं मिळून एकच चित्र तयार होतं.

पुलाच्या टोकाशी दार बांधण्यात मोठी समज आहे. नदी ही आपोआपच हद्द. पाहुणा पाणी ओलांडतो आणि लगेच दारात शिरतो. पूल अरुंद असल्यामुळं नजर इकडेतिकडे जात नाही, सरळ कमानीवरच खिळते. घुमट आहे त्याहून मोठा वाटतो तो यामुळं.

मुख्य घरही असंच आहे का?

नाही. ड्रोमाना हाउस हे नदीकाठच्या उंच कड्यावरचं, साध्या जॉर्जियन (जॉर्ज नावाच्या इंग्लिश राजांच्या काळातल्या) वळणाचं घर. घुमट नाही, मिनार नाही. घराचा बराच मोठा भाग १९६० च्या दशकात पाडला. उरलेल्या भागात त्याच घराण्याचे वंशज राहतात, आणि बाग ठरावीक हंगामात लोकांना पाहता येते.

दोन्ही बाजूंना एकेक घर, मग दारवान राहायचा कुठं?

दुहेरी लॉजची ही जुनी अडचण आहे आणि ती फक्त ड्रोमानाची नाही. वास्तुकाराला कागदावर दोन्ही बाजू सारख्या हव्या असतात. पण दारवान एकच, त्याचं कुटुंब एकच. त्यामुळं पुष्कळ ठिकाणी एका बाजूला स्वयंपाक आणि बसाउठायची खोली, दुसऱ्या बाजूला निजायची खोली अशी विभागणी व्हायची आणि मधून रस्ता. पावसात, थंडीत, आजारी मूल कडेवर घेऊन रोज तो रस्ता ओलांडायचा. आयर्लंडच्या या भागात पाऊस किती पडतो हे तिथं राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

दार उघडायचं काम बहुधा घरातल्या बाईकडे किंवा मुलांकडे असे, कारण पुरुष दिवसभर जहागिरीत माळी किंवा गडी म्हणून राबत असायचा. गाडीची चाहूल लागली की हातातलं टाकून धावायचं. खिडक्या रस्त्याकडे तोंड करून किंवा थोड्या पुढं काढून बांधत त्या एवढ्यासाठीच. बाहेरून ऐटबाज दिसणाऱ्या या घरांच्या आतल्या खोल्या लहान असत, आणि शोभेला बाधा नको म्हणून धुरांडंसुद्धा जमेल तितकं लपवलं जाई. कुठलाही गेट लॉज पाहताना मी आधी त्याचं धुरांडं शोधतो. चूल कुठं होती हे कळलं की घर कळायला लागतं.

घुमट हिरवा का दिसतो? रंग दिलाय का?

रंग नाही. तांब्याचा पत्रा नवा असताना लालसर, मग तपकिरी होतो आणि वर्षानुवर्षांच्या ओल्या हवेत त्यावर हिरवट थर चढतो. हा थर खालच्या धातूचं रक्षणच करतो, म्हणून तो घासून काढत नाहीत. आपल्याकडे देवघरातली भांडी चिंचेनं लख्ख करायची सवय असते, पण इथं ती मोह आवरायची गोष्ट आहे.

मधल्या काळात त्याची पडझड झाली होती का?

हो, आणि कारण सरळ आहे. जहागिरी मोडल्या, जमिनी वाटल्या गेल्या किंवा सरकारी वनखात्याकडे गेल्या, आणि दार ज्या घरासाठी होतं त्या घराशी त्याचा संबंधच तुटला. दारवान नसलेलं दार कोण सांभाळणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ड्रोमानाचं दार वाईट अवस्थेत पोचलं होतं. आयरिश जॉर्जियन सोसायटी या १९५८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेनं १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते हाती घेऊन दुरुस्त केलं.

त्या काळात हे सोपं नव्हतं. अनेक आयरिश लोकांच्या मनात जमीनदारांच्या इमारती म्हणजे परक्या सत्तेची आठवण होती. १९२० ते १९२३ या वर्षांत अशी कितीतरी मोठी घरं जाळली गेली होती. अशा वातावरणात, ज्यात धड राहायलाही जागा नाही अशा एका शोभेच्या दारासाठी लोकांनी खटपट करावी याचं मला फार अप्रूप वाटतं. ती झाली नसती तर आज पुलाच्या टोकाशी वेलींनी गिळलेले दगड असते.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दारांसाठी यातून काही घेण्यासारखं आहे?

दुरुस्तीपुरतं बोलायचं तर हो. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडतं, आणि मग दगड-विटा आतून भुसभुशीत होतात. जुन्या इमारती सांभाळणारे जाणकार हे आयर्लंडमध्येही कळकळीने सांगतात आणि पुण्या-नाशकातही. दुसरं म्हणजे आधी पाणी. छपराचं गळकं तोंड आणि तुंबलेली पन्हळ नीट केल्याशिवाय नक्षीला हात लावू नये.

आसपास आणखी असं काही आहे का?

आहे. जवळच लिस्मोर गावाबाहेर बॅलिसॅगर्टमोर इथं १८३० च्या दशकातले दोन गॉथिक लॉज रानात उभे आहेत. एक तर पुलासकट, मनोऱ्यांसकट, किल्ल्याच्या दिमाखात. ते आर्थर कायली-अशर या जमीनदारानं बांधवून घेतले. वैभव दाखवायला त्याने सुरुवात दारांपासून केली, पण पैसा तिथंच संपला आणि ज्या भव्य महालाकडे ही दारं नेणार होती तो कधी झालाच नाही. महादुष्काळात त्याने कुळांना घराबाहेर काढलं, म्हणून त्या भागात त्याचं नाव आजही कटुतेनं घेतलं जातं. ड्रोमाना आणि बॅलिसॅगर्टमोर एकाच दिवशी पाहावेत असं मी सुचवेन. एकाच काळातल्या, एकाच परगण्यातल्या दोन जमीनदारांनी दारं बांधली, आणि लोकांच्या आठवणीत दोघांची जागा किती वेगळी आहे ते तिथं समजतं.

जायचं कसं आणि पाहायचं काय?

कॅपोक्विन हे डंगारवन आणि लिस्मोर यांच्या मधे, एन ७२ रस्त्यावर आहे. स्वतःची गाडी असलेली बरी. दार रस्त्यावरच असल्यामुळं बाहेरून पाहायला तिकीट नाही. पूल अरुंद आहे, गाडी त्यावर थांबवू नका. अलीकडे लावून चालत जा.

आधी पुलाच्या अलीकडून, सगळं एका नजरेत मावेल इतक्या अंतरावरून पाहा. मग कमानीखाली उभं राहून दोन घरांमधलं अंतर पायांनी मोजा, म्हणजे दारवानाच्या बायकोला दिवसातून किती वेळा काय ओलांडावं लागत असेल याचा अंदाज येईल. शेवटी पलीकडं जाऊन मागची बाजू बघा. बहुतेक गेट लॉजमध्ये सगळी शोभा पाहुण्याच्या बाजूला असते आणि मागं साधेपणा. ड्रोमानाच्या दोन्ही बाजूंची तुलना तुम्हीच करून पाहा. सोबत घारापुरीच्या खांबांचा आणि एखाद्या मुघल घुमटाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तिथंच ताडून पाहता येईल.